अब्बांचा पंखा उघडू नका

दोहा
१४ मार्च १९९७, शुक्रवार

इनायत भाईजान,

म्हणजे शेवटी तुम्ही तुमचंच खरं करणार. दोन पत्रं लिहिली मी. दोन्हींत लिहिलं की बेबेच्या खोलीत नवा पंखा लावा, दुकानातला, बंद खोक्यातला. आणि तुमचं उत्तर काय? "अब्बांचा पंखा पेटीत पडलाय, त्याच्याच मोटरची तार नवी भरून लावतो, बॉडी चांगली आहे." चांगली आहे म्हणे! जळलेल्या पंख्यात चांगलं काय राहतं?

तुम्हाला लाज वाटते, दुसरं काही नाही. आपल्या गल्लीत कुणाच्या घरी दुकानातला पंखा आला तर लोक विचारतात, घरातला कारागीर मेला का? बॉडी एका कारखान्यातली, पाती दुसऱ्या, तार आपल्या हातची, असा जोडलेला पंखा लावायचा आणि पाहुण्याला मान वर करून दाखवायचा. मला माहीत आहे ते सगळं. पण आता अब्बा नाहीत, मी तिथे नाही, तुम्ही पाती तोलणारे माणूस. तुम्ही तार कधी भरली? पाती तोलणं वेगळं आणि तार भरणं वेगळं. अब्बा तीस वर्षं तार भरत होते, मी सहा वर्षं भरली. तुम्ही नका त्यात हात घालू.

छप्पन इंची घ्या. ती खोली गच्चीखालची, दिवसभर तापते, अट्ठेचाळीसने काय होणार? कुलसूम भाभींनी तुमच्या पत्राखाली लिहिलंय ते वाचलं, "सफदर, छप्पन इंची लावला तर भिंतीवरचं कॅलेंडर आणि बेबे दोन्ही उडून जातील." त्यांना सांगा, कॅलेंडर गेलं तर दुसरं पाठवतो, इथे दुकानदार फुकट देतात.

बेबे त्या खोलीत झोपायला गेलीच का, हे मला अजून पटलेलं नाही. हिवाळा निघाला, ठीक. पण आता एप्रिल येईल, मे येईल, आणि पंख्याचा छतातला आकडा मोकळा. आई आहे आपली, तिला खाली आणा. तुमचं ती ऐकत नाही, बोलतही नाही, हे ठाऊक आहे. भाभींना सांगायला लावा. अब्बांच्या चाळीसाव्या दिवसाच्या जेवणाला मी सगळ्यांसमोर तुम्हाला जे बोललो ते रागात बोललो. तेव्हा सगळेच बोलत होते.

माझं बरं चाललंय. एका नव्या शाळेत पंखे टांगतोय, दोनशे बारा. मुकादमाला कळलं मी गुजरातचा, पंख्यांच्या गावचा, तेव्हापासून शिडीवर मीच. खोलीतला याकूब भरूचचा आहे. पहिल्या दिवशी त्याने मिठीच मारली, "गुजरातचा? तालुका कोणता?" मी म्हटलं, तुझं नव्हे, पाकिस्तानातलं गुजरात, चिनाबच्या काठचं. तो म्हणाला, "असली नदी आमच्याकडे नाही." मी म्हटलं, असले पंखेही नाहीत. तेव्हापासून आमची दोस्ती आहे.

पंख्याचे पैसे लवकरच पाठवतो. तोवर पेटी आहे तशी राहू द्या. अब्बांचा पंखा उघडू नका.

तुमचा,
सफदर

०

दोहा
११ एप्रिल १९९७, शुक्रवार

इनायत भाईजान,

तुम्ही टेप घेऊन खोली मोजलीत हे वाचून मला हसू आलं आणि रागही आला. दहा बाय बारा, उंची नऊ फूट, गर्डरपासून पात्यापर्यंत नऊ इंच सोडले तरी खाली माणसाचा हात पोचत नाही, अट्ठेचाळीस बरोबर बसतो, छप्पनचं पातं कपाटाला घासेल. ठीक आहे. मापात तुम्ही जिंकलात. दोनशे पंखे टांगलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं समजू नका.

पण मापावरच पंखा ठरतो का? त्या बॉडीला तीस वर्षं झाली. पाती कुठल्या वजनाची होती, कुणाला आठवतंय? तुम्ही म्हणाल, मला आठवतंय, तीनही पाती मीच तोलली होती. तोलली असतील. पण ज्या पंख्याखाली माणूस गेला तोच पंखा परत त्याच आकड्याला टांगायचा, आणि त्याच्याखाली बेबेची खाट टाकायची? तुम्हाला झोप लागेल?

भाभी लिहितात, बेबेचा हट्ट आहे. "मला त्यांचाच पंखा हवा. दुसऱ्याचा वारा मला नको." आणि लिहितात की दुपारी ती वर पडलेली असते तेव्हा म्हणते, आकडा करकरतो. रिकामा आकडा कसा करकरेल भाईजान? गर्डर तापून फुगतो, त्याचा आवाज असेल. तिला तसं सांगा. नको, सांगू नका.

तुम्हाला एक सांगतो, कुणाला बोलू नका. शाळेत पंखा टांगला की मुकादम बटण दाबतो आणि मी खाली उभा राहून आवाज ऐकतो. चांगल्या पंख्याचा आवाज नसतो, हे अब्बांनी शिकवलेलं. नुसती हवा हलते. तर परवा सातव्या वर्गात एक पंखा सुरू झाला, नवाकोरा, आवाज काही नाही. आणि मी वर बघायचं सोडून खाली बघत होतो, खाटेएवढ्या जागेकडे. तिथे फरशीशिवाय काही नव्हतं. मुकादम ओरडला, "पंखा वर आहे रे शहाण्या!" सगळे हसले. मीही हसलो. मग पुढच्या वर्गात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. रोज तेच. बटण दाबलं की माझी मान खाली जाते. आता याकूबला शिडीवर चढवतो आणि मी पाती जोडत बसतो.

आमच्या खोलीत एसी आहे, खिडकीतला, खोकतो म्हाताऱ्यासारखा. पंखा नाही. पण माझ्या खाटेवर, बरोबर मधोमध, जुन्या पंख्याचा आकडा कापून काढल्याची खूण आहे. शुक्रवारी दुपारी सगळे घोरतात, मी त्या खुणेकडे बघत पडतो. याकूबशी खाट बदलायला मागितली तर म्हणाला, "तुला काय छत पडायची भीती?"

तुम्ही लिहिलंय, ईदला कारखाना चार दिवस बंद, तेव्हा पेटी काढून पंखा उघडणार. मी हात जोडून सांगतो, उघडू नका. भंगारवाल्याला देऊन टाका, तसाच, बंद. नव्या पंख्याचे मी देतो, छप्पन म्हणा, अट्ठेचाळीस म्हणा, पांढरा म्हणा, तपकिरी म्हणा.

तुमचा,
सफदर

०

दोहा
१३ एप्रिल १९९७, रविवार

भाईजान,

शुक्रवारचं पत्र टपालात टाकलंय, ते हे पत्र मिळाल्यावर येईल. वाचू नका, फाडा. हे फाजलच्या हाती पाठवतोय, तो ईदला घरी निघालाय, बुधवारी तुमच्या दारात येईल. त्याला चहा पाजा आणि तो गेल्यावर वाचा. एकटे असताना वाचा.

पंखा उघडलात की तुम्हाला दिसणारच. म्हणून आधी मी सांगतो.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी अब्बांचा पंखा उतरवला होता, आठवतं? बेबेला म्हटलं, बेअरिंग कुरकुरतंय, तेल देऊन आणतो. बेअरिंग काही कुरकुरत नव्हतं. पंखा कारखान्यात नेला, जेवणाच्या सुटीत उघडला, आणि अब्बांनी भरलेली सगळी तांब्याची तार कापून काढली. तुमच्या जन्माच्या वर्षी भरली होती ना ती, बेबे सांगायची. एक फेरा इकडचा तिकडे नाही. कापताना कात्री अडत होती. तिच्या जागी ॲल्युमिनियमची भरली, रोगणाचा रंग तोच, वरून कुणालाही कळू नये अशी. तांबं भंगारात विकलं. साठ रुपये आले.

पासपोर्टच्या फीला साठ रुपये कमी पडत होते. तुमच्याकडे मागितले असते तर तुम्ही दिले असते. पण तुम्ही विचारलं असतंत, कशाला जातोस, अब्बा असे पडलेले असताना? मला तो प्रश्न नको होता. मला फक्त निघायचं होतं. त्या घरातून, औषधाच्या वासातून, हाजीसाहेबांच्या कारखान्यातून. मी ठरवलं होतं की दोहाला गेलो की पहिल्या पगारात नवी तांब्याची तार पाठवीन. ॲल्युमिनियम लवकर तापतं, पण त्यावर एक उन्हाळा निघतो, आपल्याकडे निम्म्या गावाचे निघतात.

दुसऱ्या दिवशी पंखा टांगला आणि बटण दाबलं. अब्बा झोपले होते. त्यांनी डोळे उघडले.

भाईजान, तीस वर्षं तार भरलेला माणूस. वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती, कान गेले नव्हते. त्यांनी आधी पंख्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. आणि डाव्या हाताचं ते एक बोट, तेवढंच हलायचं ना, ते वर केलं. पंख्याकडे.

यापुढचं बेबेला वाचून दाखवू नका. बाकीचं दाखवा, हे नको.

ते बोट त्या दिवसापासून रोज वर व्हायचं. बेबेला वाटायचं, त्यांना उकडतंय, वेग वाढवा म्हणतायत. ती उठून रेग्युलेटर फिरवायची. तीनवरून चार, चारवरून पाच. त्यांचं बोट खाली येत नसे. ती म्हणायची, "अहो, याच्यापुढे नाही हो फिरत, मी काय करू?" मी दारात उभा असायचो. मला कळायचं ते काय सांगतायत. मोठ्या वेगावर तार जास्त तापते, हे मला शिकवलं होतं कुणी? त्यांनीच. दोन महिने मी दारात उभा राहिलो आणि बोललो नाही.

जूनच्या त्या दुपारी बेबे मामांकडे मातमाला गेली होती. भाभी माहेरी, मी कारखान्यात. बारा वाजता येऊन अब्बांना कुशीवर वळवायची पाळी तुमची होती. तुम्ही तीनला आलात. उन्हाची गरम लू आत येऊ नये म्हणून दार लावलेलं, आत पंखा बंद, आणि अब्बा उकाड्याने गेलेले. खोलीत जळलेल्या रोगणाचा वास होता, तुम्हीच सांगितलंत. सगळे म्हणाले, व्होल्टेज कमी-जास्त झालं, त्या आठवड्यात गल्लीत तीन पंखे जळले होते. बेबे म्हणाली, "हा वेळेवर आला असता तर." त्यानंतर ती तुमच्याशी बोलली नाही.

आणि चाळीसाव्याला, पंचवीस माणसं जेवत असताना, मी उठून तुम्हाला म्हणालो, "तुम्ही चहा पीत बसलात आणि माझा बाप भाजून मेला." तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात.  मला वाटलं होतं तुम्ही उठून मला माराल. मारलं असतंत तर बरं झालं असतं.

आता उघडा. बेबेला समोर बसवून उघडा. खिळ्याने तार खरवडा, आतून पांढरी निघेल. तिला सांगा, हे सफदरने केलंय. तिला तुमच्याशी बोलू दे.

सफदर

०

दोहा
२३ मे १९९७, शुक्रवार

भाईजान,

तुमचं पत्र मिळून बारा दिवस झाले. रोज वाचतो. याकूब म्हणतो, "एवढं काय आहे त्यात, कुणाचं लग्न ठरलं का?" मी म्हटलं, हो, माझं.

तुम्ही लिहिलंत तसंच माझ्या डोळ्यांपुढे होतं. ईदच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, अंगणात चटई. बेबे खाटेवर. पेटीतून पंखा काढून तुम्ही झाकणाचे तीन स्क्रू सोडवलेत. तार काळी पडलेली. तुम्ही खिळ्याने खरवडलीत आणि बेबेपुढे धरलीत. तिने विचारलं, "हे पांढरं काय?" तुम्ही म्हणालात, "तांबं नाही बेबे." ती कारागिराची बायको, तिला तेवढं पुरलं. मग तुम्ही माझं पत्र वाचलंत, सांगितलं होतं तेवढंच.

 मग तिने तुम्हाला विचारलं, "वर्षभर तू बोलला का नाहीस? म्हणायचं होतंस, माझ्यामुळे नाही." तुम्ही म्हणालात, "बारा वाजता मी आलो नव्हतो, हे खरंच होतं." त्यावर ती भाभींना म्हणाली, "याला रोटी दे." भाभी हसल्या, "त्याला स्वतःच सांगा की, समोर बसलाय!" मग ती तुमच्याकडे वळून म्हणाली, "जेव." भाईजान, या ओळीपाशी मी दर वेळी थांबतो.

पण पुढचंही तुम्ही लपवलं नाहीत, बरं केलंत. दुपारी ती उठून वर गेली आणि तुम्ही मागून गेलात तर ती भिंतीपाशी उभी. रेग्युलेटरवर हात. कशालाच जोडलेला नाही तो आता. तो ती फिरवत होती, तीन, चार, पाच, आणि परत मागे. तुमच्याकडे न बघता म्हणाली, "मग ते बोट म्हणजे..." आणि म्हणाली, "मी वाढवत गेले." तुम्ही वाचून दाखवलं नव्हतंत तरी ती पोचलीच तिथे. पोचणारच होती. मी एवढं लपवून काय मिळवलं? तिच्या डोक्यावर नवं ओझं ठेवलं फक्त. तिला सांगा, रेग्युलेटर तिने फिरवला पण तार मी भरली होती. रोज सांगा. ती म्हणेल, पुरे झालं. तरी सांगा.

आणि आता तिने ठरवलंय की खोलीत पंखा लागणार नाही. नवा नाही, तुम्ही भरलेला नाही, शेजारचा उसना नाही. "ज्याने काढली त्याने येऊन भरावी. तोवर मी इथेच, अशीच." तुम्ही पाया पडलात, भाभी रडल्या, मामा येऊन ओरडून गेले, ती खाली उतरत नाही. आणि बाहेर सेहेचाळीस अंश. दार लावून घेते म्हणता, लू येते म्हणून. तुम्ही बारा वाजता घरी येता, दोनला परत येता, चारला परत, हाजीसाहेब पगार कापतो म्हणता. कापू दे. जात राहा.

हे रोज वाचून शेवटी परवा मी मुकादमाकडे गेलो. तो म्हणाला, "वर्ष झाल्याशिवाय सुटी नाही." मी म्हटलं, आईला पंखा लावायचाय. तो खो खो हसला. म्हणाला, "इथे दोनशे लावलेस, तिथे एक लावणारा कुणी नाही?" मी म्हटलं, नाही, कुणी नाही. मग काय झालं कोण जाणे, तो हसायचा थांबला आणि मला साहेबांच्या खोलीत घेऊन गेला. वीस दिवसांची सुटी मिळाली आहे, बिनपगारी, तिकीट माझं. जाऊन-येऊन अकराशे रियाल. दोन महिन्यांचा पगार. काल ट्रॅव्हलवाल्याकडे भरून टाकले, त्यात बदल होत नाही. अकरा जूनला लाहोरला उतरतो. बस धरून संध्याकाळपर्यंत घरी.

तार आणून ठेवू नका. ती मी आणीन, खरवडून, बघून, बेबेसमोर तोलून. अट्ठेचाळीसचाच राहील, तुमच्या मापाप्रमाणे, गर्डरपासून नऊ इंचांवर. पाती तुम्ही तोला, मला तो हात नाही. मी आकड्याखाली उभा राहू शकेन की नाही, माहीत नाही. इथे नवाकोरा पंखा फिरला तरी माझी मान खाली जाते, तिथे तर खाटच आहे. पण बटण बेबेने दाबायचं, आणि आवाज ऐकायला मी खोलीत थांबायचं, एवढं मी मनाशी कबूल केलंय. तुम्ही माझ्याशी बोलायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. त्या पंचवीस माणसांना मी एकेकाच्या घरी जाऊन सांगणार आहे. तुम्ही आलात तर दारात उभे राहा, नाही आलात तरी जाईन.

मध्ये एकोणीस दुपारी आहेत. मी मोजल्यात. रोज अकराच्या आत बाजारातून बर्फाची एक लादी आणा, परातीत ठेवून परात तिच्या खाटेखाली सरकवा, आणि ओली चादर दाराला बांधा. ती म्हणेल, नको, सफदरच्या पैशाचं नको. म्हणावं, बर्फाला पाती नाहीत की तार नाही, तो फक्त वितळतो. तिकिटात सगळं गेलं, त्यामुळे या महिन्यात घरखर्चाचं काही नाही, भाभींची माफी मागतो. याकूबचा चुलतभाऊ रविवारी लाहोरला जातोय, तिथून तो गुजरातला माणूस पाठवेल, त्याच्या हाती फक्त बर्फापुरते पाठवतोय, चाळीस रियाल.